मेंदूतला विषाणू शोधताना

हर्पिस विषाणूच्या मेंदूज्वरावर व्हायडरबिन हे औषध उपयोगी पडते, असे दाखवणारी अमेरिकेतली पाहणी १९७७ साली प्रसिद्ध झाली. त्या काळी रुग्णाला हर्पिसच झाला आहे हे खात्रीने सांगण्याचा एकच भरवशाचा मार्ग होता. कवटी उघडायची, कानशिलाखालच्या मेंदूचा छोटा तुकडा काढायचा आणि प्रयोगशाळेत त्यातून विषाणू वाढतो का ते पाहायचे. आज हे वाचताना अंगावर काटा येतो, पण त्या डॉक्टरांची अडचणही खरी होती. पाठीतून काढलेल्या पाण्यात हा विषाणू क्वचितच वाढून दिसे. रक्तातली प्रतिपिंडे चढलेली दिसेपर्यंत आठवडे जात, म्हणजे ते वरातीमागून घोडे. आणि उपचाराविना या आजारात दहापैकी सुमारे सात रुग्ण दगावत. शिवाय ज्यांच्यावर हर्पिसचा दाट संशय होता, त्यांच्यातल्याही बऱ्याच जणांच्या मेंदूच्या तुकड्यात हर्पिस निघत नसे.

पुढे असायक्लोव्हिर आले. स्वीडनमध्ये १९८४ साली आणि अमेरिकेत १९८६ साली ते व्हायडरबिनपेक्षा सरस ठरले. रामबाण म्हणावे असे औषध हाती आले, पण ते नेमके कोणाला द्यायचे हे ठरवायला अजून कवटीच उघडावी लागत होती. ही कोंडी १९९० साली फुटू लागली. पाठीतल्या पाण्यात हर्पिसचा डीएनए पीसीआरने सापडतो, असे त्या वर्षी ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले. मग १९९५ साली लेकमन आणि व्हिटली यांनी, ज्या रुग्णांची बायॉप्सी झालेली होती त्यांचेच जपून ठेवलेले पाणी पीसीआरवर घातले. बायॉप्सीत हर्पिस निघालेल्या शंभरातल्या ९८ जणांत पीसीआर पॉझिटिव्ह आले, आणि बायॉप्सीत हर्पिस नसलेल्या शंभरातल्या ९४ जणांत ते निगेटिव्ह राहिले. या एका कारणासाठी मेंदूचा तुकडा काढणे तिथून जवळजवळ थांबले. मला या कथेतले एक विशेष वाटते. ज्या गटाने बायॉप्सीचा आग्रह धरला होता, त्याच गटाने नीट सांभाळलेल्या नमुन्यांनी बायॉप्सी निकालात काढली.

या विषयात नव्याने पाऊल टाकणाऱ्यांसाठी हे पुस्तक आहे. पदव्युत्तर शिक्षण घेणारे डॉक्टर, जिल्हा रुग्णालयात रात्रपाळीला उभे असलेले वैद्यकीय अधिकारी, प्रयोगशाळेतले तंत्रज्ञ, आणि ज्यांना जीवशास्त्राची बारावीपुरतीच ओळख आहे असे जिज्ञासू वाचकही डोळ्यांसमोर ठेवले आहेत. कोविडने ‘आरटी-पीसीआर’ हा शब्द गावोगावी पोचवला, हे आमचे काम सोपे करणारे आहे. पण त्याबरोबर एक समजही घट्ट झाला, की पीसीआर म्हणजे शेवटचा शब्द. मेंदूच्या बाबतीत हा समज रुग्णाच्या जिवावर बेतू शकतो. रुग्णाला काय झाले आहे, हे जनुकीय चाचणी सांगत नाही. ती एवढेच सांगते की आपण शोधत असलेला अमुक जनुकीय मजकूर, या ठिकाणाहून घेतलेल्या, या वेळच्या नमुन्यात मिळाला किंवा मिळाला नाही. काय शोधायचे, कुठे शोधायचे आणि केव्हा शोधायचे, हे तिन्ही निर्णय माणसाचे असतात. पुढची सगळी प्रकरणे फिरून फिरून या तीन प्रश्नांपाशी येतात.

तंत्राची ओळख आधी करून घेऊ. कॅरी मलिस यांनी १९८३ साली सीटस या कंपनीत काम करताना पीसीआरची कल्पना मांडली आणि १९९३ साली त्यांना नोबेल मिळाले. दोन छोटे डीएनए-तुकडे, म्हणजे प्रायमर, शोधायच्या मजकुराच्या दोन टोकांना चिकटतात. मधल्या भागाची नक्कल होते. दर फेरीला नकला दुप्पट होतात. सगळे सुरळीत चालले तर ३० फेऱ्यांत एकाचे शंभर कोटींहून अधिक. प्रत्येक फेरीत मिश्रण उकळीच्या जवळ नेऊनही टिकणारे विकर मिळाले ते यलोस्टोनच्या गरम झऱ्यांतल्या जिवाणूतून. तो जिवाणू शोधणाऱ्या थॉमस ब्रॉक यांच्या मनात रोगनिदानाचा विचार असण्याचे काही कारण नव्हते. आपल्याकडच्या मेंदूज्वराचे बहुतेक विषाणू, म्हणजे जपानी मेंदूज्वर, चांदिपुरा, रेबीज, निपाह आणि एन्टेरोव्हायरस, हे आरएनएचे आहेत. त्यांचा मजकूर आधी डीएनएत उतरवून घ्यावा लागतो. ते काम करणारे विकर १९७० साली टेमिन आणि बाल्टिमोर यांनी वेगवेगळे शोधले.

इतकी ताकद असलेल्या तंत्राला तितकेच जपावे लागते. आधीच्या नमुन्यातल्या कोट्यवधी नकलांपैकी चिमूटभर हवेतून उडून पुढच्या नळीत पडल्या, तरी निरोगी पाणी पॉझिटिव्ह दिसते. म्हणून मिश्रण करण्याची खोली वेगळी, नमुना उघडण्याची वेगळी, आणि नकला वाढलेल्या नळ्यांची वेगळी असते. वाट एकाच दिशेची, आणि शेवटच्या खोलीतला ॲप्रन पहिल्या खोलीत न्यायचा नाही. याच्या उलट, सुई टोचताना पाण्यात रक्त मिसळले किंवा नमुना हेपॅरिनच्या बाटलीत गेला, तर विकराचेच हात बांधले जातात आणि असलेला विषाणूही दिसत नाही. मोठमोठ्या शोधनिबंधांत या गोष्टी एका ओळीत उरकतात. आम्ही त्यांना पूर्ण प्रकरण दिले आहे, कारण रिपोर्टची पत खरी तिथे ठरते.

आता ‘केव्हा’. हर्पिसच्या मेंदूज्वरातही पहिल्या दोन-तीन दिवसांत घेतलेले पाणी निगेटिव्ह येऊ शकते. ताप आहे, बोलण्यात गोंधळ आहे, एमआरआयवर कानशिलाकडचा भाग पांढरा दिसतो आहे आणि पीसीआर मात्र निगेटिव्ह. अशा वेळी असायक्लोव्हिर बंद करणे ही घोडचूक. तीन ते सात दिवसांनी पाणी पुन्हा काढायचे, तोवर मूत्रपिंडावर लक्ष ठेवून औषध चालू ठेवायचे. मुळात औषध सुरू करायला रिपोर्टची वाट पाहायचीच नसते.

जपानी मेंदूज्वराचे गणित नेमके उलटे आहे. डासाने सोडलेला हा विषाणू माणसाच्या रक्तात थोडाच काळ आणि थोड्याच प्रमाणात राहतो. मूल झटके येऊन रुग्णालयात पोचते, तोपर्यंत रक्तातून आणि बहुधा पाठीतल्या पाण्यातूनही त्याचा मागमूस गेलेला असतो. इथे पीसीआर निगेटिव्ह येण्याला फारसा अर्थ नाही. पाण्यातली आयजीएम प्रतिपिंडे पाहणारी साधी एलायझा चाचणीच इथे श्रेष्ठ. त्यासाठीचे किट पुण्याची राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्था, आपली एनआयव्ही, तयार करते आणि देशभरच्या सरकारी प्रयोगशाळांना पुरवते. तीही पहिल्या तीन-चार दिवसांत निगेटिव्ह असू शकते, आणि डेंग्यूची प्रतिपिंडे तिला चकवू शकतात. तरीही सांगतो, भारी यंत्र घेतले म्हणून जुनी चाचणी अडगळीत टाकणारी प्रयोगशाळा जपानी मेंदूज्वराचे बरेचसे रुग्ण हातचे घालवील.

आणि चांदिपुरा? त्यात प्रतिपिंडांची वाट पाहायला सवडच मिळत नाही. नागपूर जिल्ह्यातल्या चांदिपुरा गावी १९६५ साली तापाच्या दोन रुग्णांच्या रक्तातून हा विषाणू वेगळा केला तो एनआयव्हीनेच. १९५२ साली रॉकफेलर फाउंडेशनच्या साहाय्याने सुरू झालेली ही संस्था तेव्हा व्हायरस रिसर्च सेंटर म्हणून ओळखली जाई. साध्या तापाचा एक विषाणू म्हणून पुढची जवळजवळ चार दशके तो नोंदवहीत पडून होता. मग २००३ च्या उन्हाळ्याअखेरीस आंध्र प्रदेशात मुले पटापट दगावू लागली. आजारी पडलेल्या ३२९ मुलांपैकी १८३ गेली, त्यांतली बहुतेक रुग्णालयात आणल्यापासून २४ तासांच्या आत. शरीर प्रतिपिंडे तयार करायला घेईपर्यंत सगळे संपलेले. विषाणूच्या आरएनएचा थेट शोध घेणारी चाचणी हाच अशा वेळी आधार असतो. गुजरातेत २०२४ साली हा विषाणू पुन्हा उफाळला, तेव्हाही निदान झाले ते प्रामुख्याने आरटी-पीसीआरवर. एकाच राज्यातल्या, एकाच पावसाळ्यातल्या दोन मेंदूज्वरांना दोन वेगळ्या चाचण्या लागतात. विदर्भात काम करणाऱ्या डॉक्टरांना हे वेगळे सांगायला नको.

‘कुठे’ हा प्रश्न याहून फसवा आहे. आजार मेंदूचा आहे, म्हणजे विषाणू पाठीतल्या पाण्यात असणारच, असे वाटणे साहजिक आहे. रेबीजमध्ये हे पाणी अनेकदा निगेटिव्ह येते. विषाणू लाळेत सापडतो, तोही थांबून थांबून, म्हणून लाळेचे नमुने एकापेक्षा अधिक वेळा घ्यावे लागतात. मानेच्या मागच्या बाजूची केसांच्या मुळांसकट काढलेली त्वचा इथे उपयोगी पडते, कारण विषाणू मेंदूतून नसांवाटे तिथवर उतरलेला असतो. निपाहमध्ये घशातला बोळा, लघवी आणि रक्त हे पाण्याइतकेच महत्त्वाचे असतात. केरळात कोळिकोड भागात मे २०१८ मध्ये निपाहचे निदान मणिपालच्या विषाणू केंद्रात आणि पुण्याच्या एनआयव्हीत थोड्या दिवसांत झाले. त्यामागे नमुन्यांची ही योग्य निवड होती, आणि ‘हा नेहमीचा मेंदूज्वर नाही’ हे वेळेवर ओळखणारे डॉक्टर होते. २०२३ साली तिथल्याच उद्रेकात गोव्यातल्या कंपनीचे ट्रूनॅट हे छोटेखानी यंत्र वापरायला आयसीएमआरने मान्यता दिली. चाचणी रुग्णाच्या जवळ नेण्याच्या दृष्टीने हे मोठे पाऊल आहे.

नागीण आणि कांजिण्यांचा विषाणू मेंदूच्या रक्तवाहिन्यांत शिरतो आणि पक्षाघात घडवतो. अशा वेळीही पाण्यातल्या डीएनएपेक्षा पाण्यातली प्रतिपिंडेच अधिक वेळा खरे सांगतात. गोवरानंतर वर्षांनी येणाऱ्या एसएसपीई या दुर्दैवी आजाराचेही तसेच.

पॉझिटिव्ह रिपोर्टही आंधळेपणाने घेऊ नये. ह्यूमन हर्पिसव्हायरस ६ नावाचा विषाणू सुमारे एक टक्का माणसांच्या गुणसूत्रांतच बसलेला असतो, आई-वडिलांकडून आलेला. अशा माणसाच्या शरीरातल्या केंद्रक असलेल्या प्रत्येक पेशीत त्याचा डीएनए असतो. पाण्यात चार पांढऱ्या पेशी आल्या की चाचणी पॉझिटिव्ह, आजार मात्र भलताच. एका तासात १४ रोगजंतू पाहणारे पॅनेल २०१५ साली अमेरिकेत मान्य झाले आणि आता आपल्या मोठ्या शहरांतही मिळते. त्याच्या यादीत हा विषाणू आहे. त्या पॅनेलचा उपयोग मी नाकारत नाही. लहान मुलात एन्टेरोव्हायरस लगेच कळला तर अँटिबायोटिक थांबवता येते आणि मूल लवकर घरी जाते. पण त्याची यादी परदेशातल्या रुग्णांवरून बेतलेली आहे. तीत जपानी मेंदूज्वर नाही, चांदिपुरा नाही, रेबीज नाही. आपल्या मुलाचे पॅनेल निगेटिव्ह आले म्हणजे विषाणू नाही असे ठरले, ही समजूत घेऊन येणाऱ्या पालकांना हे शांतपणे समजावून सांगावे लागते. कधीकधी सहकाऱ्यांनाही.

यादीबाहेरचे काय? मलेशियात १९९८-९९ मध्ये डुकरांच्या फार्मवरचे कामगार मेंदूज्वराने मरू लागले. डुकरे आणि डास दिसले, म्हणून जपानी मेंदूज्वर समजून लसीकरण आणि धूरफवारणी झाली. मार्च १९९९ मध्ये चुआ काव बिंग यांनी एका रुग्णाच्या पाण्यातून नवाच विषाणू वाढवला, तेव्हा निपाह जगाला कळला. प्रायमर आपल्याला माहीत असलेल्या मजकुरालाच चिकटतो. अनोळखी विषाणूपुढे तो मुका असतो.

ही मर्यादा ओलांडायला मेटाजीनोमिक सिक्वेन्सिंग आले. यात आधीच कोणाचे नाव धरायचे नाही. नमुन्यातला सगळाच जनुकीय मजकूर वाचायचा, त्यातला माणसाचा भाग वगळायचा आणि उरलेल्याचा माग संगणकावर काढायचा. अमेरिकेतल्या १४ वर्षांच्या एका मुलाची हकिकत २०१४ साली प्रसिद्ध झाली. जन्मजात प्रतिकारशक्ती कमी असलेला हा मुलगा महिनोन्‌महिने मेंदूच्या दाहाने आजारी होता, आणि मेंदूचा तुकडा काढूनही उलगडा झालेला नव्हता. त्याच्या पाण्यातल्या तीस लाखांहून अधिक तुकड्यांपैकी ४७५ तुकडे लेप्टोस्पायराचे निघाले. हा विषाणू नव्हे, जिवाणू, पेनिसिलिनला दबणारा. मुलगा बरा झाला. जर्मनीच्या झाक्सन-आनहाल्ट प्रांतात २०११ ते २०१३ दरम्यान रंगीत खारी पाळणारे तीन पुरुष मेंदूज्वराने गेले. त्यांच्यापैकी एकाच्या खारीत याच पद्धतीने नवा बोर्नाव्हायरस सापडला आणि मग तिघांच्या मेंदूतही. इथे दुवा प्राण्यात होता.

अशा कथा वाचून भारावायला होते. म्हणून लगेच २०१९ च्या एका पाहणीचे आकडेही सांगतो. अमेरिकेतल्या आठ रुग्णालयांतल्या २०४ रुग्णांत एकूण ५८ संसर्ग निश्चित झाले. त्यांतले १३ फक्त सिक्वेन्सिंगमुळे कळले. ही कमाई मोठीच. पण २६ संसर्ग सिक्वेन्सिंगला दिसलेच नाहीत. त्यांतले ११ केवळ प्रतिपिंडांच्या चाचणीत कळले, ७ पाण्याऐवजी दुसऱ्या जागच्या नमुन्यात सापडले आणि उरलेल्या ८ मध्ये रोगजंतूंचे प्रमाणच फार कमी होते. म्हणजे सगळा मजकूर वाचणाऱ्या यंत्रालाही ‘कुठे’ आणि ‘केव्हा’ चुकले नाहीत. विद्यार्थ्यांना या पाहणीचा तक्ता मी नेहमी फळ्यावर काढायला लावतो.

आणि कधी विषाणू नसतोच. गोरखपूर परिसरात २००५ साली जपानी मेंदूज्वराने हाहाकार केला. नंतर लस आली, पण दर पावसाळ्यात मुले मेंदूज्वराने येतच राहिली. तपासात त्यांतला मोठा वाटा स्क्रब टायफसचा निघाला. गवतातल्या चिगर माइट या अगदी बारीक प्राण्यांवाटे येणारा, डॉक्सीसायक्लिनसारख्या स्वस्त गोळीने बरा होणारा हा जिवाणूचा आजार २०१८ साली नागपूर भागातही आढळला. बिहारमधल्या मुझफ्फरपूरला तर संसर्गही नव्हता. रात्री न जेवता झोपलेल्या, लिची खाल्लेल्या मुलांच्या रक्तातली साखर पहाटे धोक्याइतकी उतरे, आणि त्यामागे लिचीतलीच विषद्रव्ये होती. २०१४ च्या तपासाचा हा निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाला. तिथे वर्षानुवर्षे विषाणूच शोधला जात होता. जिथे ग्लुकोमीटर आणि साखरेचे सलाइन हवे, तिथे उत्तम पीसीआरही निरुपयोगी.

हर्पिसलाही अशी एक शेपटी आहे. उपचारानंतर घरी गेलेला रुग्ण काही आठवड्यांनी पुन्हा बिथरतो. लहान मूल असेल तर हातपाय वेडेवाकडे हलू लागतात. आजार उलटला या भीतीने सगळे धावतात, पण पीसीआर निगेटिव्ह असते. २००७ साली ओळखल्या गेलेल्या एनएमडीए प्रतिपिंडांचा आजार यातल्या अनेकांत सापडतो. आता शत्रू आपलीच प्रतिकारशक्ती असते, आणि उपचारही उलट दिशेचा, तिला आवरण्याचा. काही मुलांत तर जनुकीय चाचणी विषाणूऐवजी रुग्णाचीच करावी लागते. पॅरिसच्या कासानोव्हा यांच्या गटाने २००६ आणि २००७ मध्ये दाखवले, की टीएलआर३ या जनुकाच्या वाटेवर जन्मजात दोष असला तर मुलाला हर्पिसचा मेंदूज्वर होऊ शकतो.

एवढ्या सगळ्याची सुरुवात मात्र खाटेपाशी होते, आणि तिथे अडसर असतो तो भीतीचा. ‘मणक्यातले पाणी काढले की माणूस लुळा पडतो’ हे वाक्य न ऐकलेला डॉक्टर महाराष्ट्रात नसेल. नातेवाईकांना रागावून उपयोग नाही. सुई टोचतो त्या जागेच्या वरच मज्जारज्जू संपलेला असतो, हे चित्र काढून दाखवावे. मोठ्या माणसाचे शरीर असे पाणी दिवसाला साधारण अर्धा लिटर तयार करते आणि आपण काही मिलिलिटर घेतो, हे सांगावे. क्विंके यांनी १८९१ साली ही पद्धत रूढ केली, तेव्हापासूनचा हा अनुभव आहे. संमती मिळाली की पाणी पुरेसे घ्यावे. चार थेंबांत साखर, प्रथिने, पेशी, कल्चर, पीसीआर आणि प्रतिपिंडे मागणारे फॉर्म येतात, तेव्हा तंत्रज्ञाने काय करायचे? आणि फॉर्मवर आजार सुरू झाल्याची तारीख नसेल तर ‘निगेटिव्ह’ या शब्दाचा अर्थ लावणे कोणालाच शक्य नसते.

प्रकरणे क्रमानेच वाचावीत असा आग्रह नाही. रात्रपाळीतल्या डॉक्टरांनी नमुन्यांचे चौथे प्रकरण आधी वाचावे, तंत्रज्ञांनी दुसरे. सिक्वेन्सिंगचे गणित ज्यांना जड वाटेल त्यांनी ते खुशाल मागे ठेवावे. नमुने साठवण्याचे शेवटचे प्रकरण मात्र कोणी वगळू नये, एवढी विनंती आहे. २००१ च्या सुरुवातीला सिलिगुडीत ६६ जणांना मेंदूज्वर झाला आणि त्या वेळच्या तपासण्यांत कारण कळले नाही. काही वर्षांनी ते साठवलेले नमुने पुन्हा तपासले गेले, तेव्हा १८ पैकी ९ रुग्णांत निपाहची प्रतिपिंडे मिळाली. विषाणूचा आरएनए पाच जणांच्या नमुन्यांत सापडला. ते नमुने लघवीचे होते.